शिकवलेला कामगार टिकत नाही, म्हणून शिकवणेच थांबवावे का?

कातकाम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. मोठ्या पुरवठादारांसाठी आम्ही वाहनांच्या सुट्या भागांचे कातकाम, म्हणजे लेथवर धातू कापून भाग घडवण्याचे काम, करतो. सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथ आहेत, दोन मशीनिंग सेंटर आहेत आणि दोन्ही पाळ्या मिळून पस्तीस-चाळीस माणसे कामाला आहेत. हेल्पर म्हणून आलेला मुलगा हळूहळू मशीनवर उभा राहतो, नग लावणे-काढणे शिकतो, मग मायक्रोमीटर हातात घेतो, आणि ऑफसेट देणे (हत्याराच्या जागेतली बारीक दुरुस्ती मशीनला आकड्यात सांगणे) व छोटी सेटिंग करणे जमू लागले की चाकणला दोन-तीन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून निघून जातो. माझ्या भागीदारांचे म्हणणे असे, की आपण दुसऱ्यांसाठी माणसे घडवत बसलो आहोत. त्यापेक्षा तयार ऑपरेटर घ्यावेत. पण तयार ऑपरेटरही टिकत नाहीत आणि येताना आपापल्या सवयी घेऊन येतात. दुसरे एक स्नेही म्हणतात, की ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घ्या.

जे टिकतात त्यांच्याविषयीही एक तक्रार आहे. सांगितले तेवढेच काम होते, उमेद दिसत नाही. हजेरी भत्ता देऊन पाहिला, 'महिन्याचा उत्तम कामगार' म्हणून फलकावर फोटो लावून पाहिला. फोटोचा परिणाम एवढाच झाला, की ज्याचा लागला त्याची इतरांनी थट्टा केली. ज्यांनी या गोष्टी जवळून पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदाकाठ

मी नाशिकला सातपूर येथे मनुष्यबळ विभागात काम करते. बाँडपुरते आधी लिहिते, कारण तो मार्ग सर्वांना सोपा वाटतो.

प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल आणि ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास त्यापोटी वाजवी रक्कम भरण्याची अट असेल, तर ती अट आपोआप बेकायदा ठरत नाही. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट ग्राह्य धरली. तेथे तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये अशी तरतूद होती. परंतु ती सार्वजनिक क्षेत्रातील बँक होती, पद अधिकाऱ्याचे होते, आणि भरती जाहिरात देऊन खुल्या स्पर्धेतून झाली होती. हेल्परपासून वर आलेल्या मुलावर आपण नेमका किती खर्च केला, हे सिद्ध करायला आपल्याकडे कोणता कागद आहे? त्याने दुसरीकडे नोकरी करूच नये अशी अट तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ पुढे टिकणे कठीण आहे. काही ठिकाणी मुलांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात. त्याचे कोणी समर्थन करू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी, नाइलाजाने थांबलेला ऑपरेटर मशीनवर काय मनाने उभा राहील, याचा विचार करावा.

तिसरी पाळी

मी हेल्पर म्हणून सुरुवात केली आणि आज एका मोठ्या कारखान्यात सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) आहे, म्हणून धागाकर्त्यांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकीच मी एक आहे, असे समजावे.

दोन-तीन हजारांसाठी मुले जातात हे खरे आहे, पण तेवढेच खरे नाही. मी पहिली नोकरी सोडली तेव्हा मला तीन प्रकारच्या मशीनवर काम येत होते आणि हजेरीपटावर मात्र माझी नोंद हेल्पर अशीच होती. पगारवाढ सर्वांना एकाच वेळी आणि एकाच दराने होत असे. ज्याला काहीच येत नव्हते त्यालाही तेवढीच. म्हणजे शिकल्याने माझ्या वाट्याला काय आले, तर जास्त काम आणि नग बिघडला तर जास्त बोलणी. नवीन कंपनीने मुलाखतीतच विचारले, "काय काय येते?" आणि त्या उत्तरावर पगार ठरवला. माझ्या शिकण्याला किंमत आहे हे मला बाहेरच्या माणसाने सांगितले, हा त्यातला कळीचा भाग आहे.

दुसरी गोष्ट मालकांना सहसा दिसत नाही. लहान कारखान्यात शिकवण्याचे काम सेटरवर सोपवलेले असते आणि सेटर शिकवत नाही. ऑफसेट देताना तो पडद्यासमोर असा उभा राहतो, की मागच्याला आकडे दिसू नयेत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे काम आणखी चौघांना आले तर आपली गरज उरणार नाही, हा हिशेब त्याने केलेला असतो आणि तो हिशेब बहुधा बरोबर असतो.

कातकाम

आपला प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. सेटरविषयी जे लिहिले ते आमच्या दिवसपाळीला तंतोतंत लागू पडते. परंतु असे धरून चाला, की सेटरला भीती नाही आणि त्याची शिकवण्याची इच्छाही आहे. तरीही त्याने शिकवलेला मुलगा दोन आठवड्यांनी तीच चूक करतो. "साहेब, मी दाखवले होते," असे सेटर म्हणतो आणि "मला असे सांगितलेच नव्हते," असे मुलगा म्हणतो. दोघेही खोटे बोलत नसावेत.

निवृत्त निदेशक

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी टर्नर व्यवसायाचा शिल्प निदेशक होतो. शेवटच्या प्रतिसादातील प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांबण लावतो.

काम येणे आणि काम शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. ज्याचा हात बसलेला असतो त्याला आपण काय करतो हे सांगता येत नाही, कारण करताना तो विचार करत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत युद्धसामग्रीच्या कारखान्यांत एकाएकी लाखो नवखी माणसे भरावी लागली. अनुभवी कारागीर मोजके होते. त्या वेळी १९४० मध्ये तेथील सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची सेवा सुरू केली आणि कामगारांना शिकवण्याऐवजी मुकादमांना शिकवायचे कसे ते शिकवले. दोन-दोन तासांची पाच सत्रे, एवढाच तो अभ्यासक्रम होता. युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटासारख्या कारखान्यांत रुजला. मुकादमाच्या खिशात एक कार्ड असे. त्यावरचे शेवटचे वाक्य अशा अर्थाचे होते, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही.

त्यात चार पायऱ्या आहेत. आधी शिकणाऱ्याची भीड घालवून त्याला यातले काय येते ते विचारायचे. मग काम करून दाखवायचे. मग त्याच्याकडून करून घ्यायचे. आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून काही दिवस लक्ष ठेवायचे. ऐकायला हे अगदी साधे वाटते. खरे काम आहे ते त्याआधीचे, म्हणजे एका कागदावर कामाची फोड करण्याचे. डाव्या बाजूला टप्पा, मध्ये त्यातली मेख, म्हणजे चुकू नये अशी गोष्ट, उजवीकडे ती मेख का सांभाळायची याचे कारण.

आपल्याच कामातले उदाहरण घेऊ. लेथवर इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक, बदलला आणि ऑफसेट द्यायचा आहे. सेटर सांगेल, "इन्सर्ट बदल, एक नग काढ, माप घे, फरक टाक." या चार वाक्यांत निदान पाच मेखा दडलेल्या आहेत.

इन्सर्ट बसवण्याआधी त्याची बैठक हवा मारून आणि फडक्याने पुसून घ्यायची, कारण चिपचा (कापलेल्या धातूच्या किसाचा) एक कण खाली राहिला तर टोकाची उंची बदलते. पहिला नग काढण्यापूर्वी ऑफसेट सुरक्षित बाजूला ठेवायचा. बाहेरचा व्यास असेल तर अधिक बाजूला आणि बोअर (आतले भोक) असेल तर उणे बाजूला, म्हणजे चुकला तरी नगावर माल शिल्लक राहतो आणि पुन्हा कापता येतो. माप घेण्यापूर्वी नग थंड होऊ द्यायचा. पोलादाचा ५० मिलिमीटर व्यासाचा नग २० अंशांनी गरम असला तर तो ११-१२ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि तुमची मापातली सूट (चालणारा फरक) तेवढीच असेल तर गरम असताना बरोबर आलेला नग थंड झाल्यावर बाद होतो. व्यास ०.०३ ने मोठा आला तर उणे ०.०३ पूर्ण टाकायचे, निम्मे नाही, कारण लेथचा प्रोग्रॅम साधारणपणे व्यासाच्या हिशेबाने लिहिलेला असतो. नवी मुले येथे हमखास अडतात. शाळेत त्रिज्या शिकलेली असते. शेवटची मेख फानुक कंपनीच्या कंट्रोलवरची. 'इनपुट' दाबले तर जुना आकडा पुसून नवा बसतो, 'प्लस इनपुट' दाबले तर जुन्यात मिळवला जातो. दोन्ही बटणे पडद्याखाली शेजारीशेजारी येतात. सेटरचे बोट आपोआप योग्य बटणावर जाते, म्हणून तो हे कधीच सांगत नाही. आपल्या त्या मुलाची 'तीच चूक' यांपैकीच एखादी असेल, असा माझा अंदाज आहे.

तिसऱ्या पायरीला मुलाकडून काम एकदा करून घेऊन थांबू नये. पहिल्यांदा त्याने नुसते करावे. दुसऱ्यांदा करताना टप्पा बोलावा, तिसऱ्यांदा मेख बोलावी, आणि चौथ्यांदा कारण. "समजले का?" हा प्रश्न विचारूच नये. आपल्याकडे त्याला "हो" हे एकच उत्तर आहे.

सह्याद्रीपार

मी श्टुटगार्टजवळ एका यंत्रनिर्मिती कंपनीत आहे. जर्मनीत कातकामाचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. विद्यार्थी आठवड्यातील एक-दोन दिवस किंवा सलग काही आठवडे व्यवसाय शाळेत आणि उरलेला काळ कंपनीत असतो, शेवटी उद्योग मंडळाची परीक्षा होते, आणि ते प्रमाणपत्र देशभर चालते. याविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे, परंतु निदेशक सरांच्या मुद्द्याशी जोडलेली एक बाब सहसा सांगितली जात नाही. कंपनीत जो प्रशिक्षणाची जबाबदारी घेतो त्यालाही शिकवण्याच्या पात्रतेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. नुसते उत्तम कारागीर असणे पुरत नाही.

शिकून झाल्यावर येथेही मुले कंपनी सोडतात. त्यामुळे प्रशिक्षण थांबवावे असे म्हणणारे येथेही भेटतात, पण शेजारचा कारखानाही तेवढ्याच गांभीर्याने शिकवत असल्यामुळे गेलेल्याच्या जागी शिकलेला माणूस मिळतो. भोसरीत एकट्या कारखान्याने शिकवायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, असे असेल तर धागाकर्त्यांचा त्रागा मला समजतो. हा भाग एका मालकाच्या हातातला नाही.

आकडेमोड

सर्व वाचले. मेखा आणि कारणे ठीक आहेत, पण माणूस पैशासाठी काम करतो. नगावर दर लावा. जो जास्त काढेल तो जास्त नेईल. शिकणेही आपोआप होईल आणि उमेदही येईल.

जुनी गिरणी

आकडेमोड यांच्या म्हणण्याची परीक्षा फार पूर्वीच झालेली आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात जे प्रयोग झाले, त्यांपैकी दिव्यांच्या उजेडाचा प्रयोग (उजेड वाढवला तर काम वाढते का, हे पाहणारा) सर्वांना ठाऊक असतो. शेवटचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. टेलिफोन एक्स्चेंजच्या तारा जोडणाऱ्या चौदा जणांच्या गटाला अधिक उत्पादनावर अधिक पैसे मिळत होते, तरी त्यांनी आपसात दिवसाचे एक प्रमाण ठरवून घेतले होते. त्याहून जास्त काम करणाऱ्याला टोमणे बसत, दंडावर ठोसाही बसे. उत्पादन वाढवले तर व्यवस्थापन दर कमी करील किंवा माणसे कमी करील, अशी त्यांची धारणा होती.

आपल्याकडचे उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको गिरणीचे आहे. तेथे स्वयंचलित माग आणले, पण उत्पादन अपेक्षेप्रमाणे येईना. २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची बारा वेगवेगळ्या कामांत वाटणी केलेली होती. एकाने फक्त तुटलेले धागे जोडायचे, एकाने फक्त तेल द्यायचे. या मागाचे कापड माझे, असे म्हणणारा कोणी नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये सुचवले, की सात-सात जणांचे गट करावेत आणि ठरावीक माग पूर्णपणे एका गटाकडे द्यावेत. गटांत कोण असावे हे कामगारांनीच अल्पावधीत ठरवले. सुरुवातीला काही अडचणी आल्या, पण पुढे उत्पादन वाढले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. माग आणि यंत्रणा तीच होती. जो गट कापडाला जबाबदार तो एकमेकांची कामे शिकू लागला, कारण एक जण गैरहजर राहिला तर माग त्यांचेच थांबत होते.

पैसा नको असे मी म्हणत नाही. दर नगावर लावला तर माणूस नग मोजतो. शेजारच्याला शिकवण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. ज्या कारखान्यात शिकवणे घडायला हवे आहे तेथे ही पद्धत नेमकी उलटी पडते.

तिसरी पाळी

दर कापण्याची भीती पुस्तकी नाही. एका कारखान्यात आम्ही पाळीचे उद्दिष्ट दीड तास आधी पूर्ण केले, तर पुढच्या महिन्यात उद्दिष्टच वाढले. त्यानंतर कोणीही वेळेआधी काम संपवले नाही.

दिवाळीच्या बोनसविषयीही एक सांगावेसे वाटते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, कायद्याच्या वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा त्याचा हक्क आहे. मिठाईच्या खोक्याबरोबर तो हातात ठेवून "आता जोमाने काम करा" असे भाषण केले, की समोरच्याच्या मनात काय येते, हे मालकांनी एकदा विचारून पाहावे.

गोदाकाठ

आता प्रशिक्षणाच्या कागदांविषयी. वाहन उद्योगाला पुरवठा करणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्ता-व्यवस्थेचे मानक लागते. त्यात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाचे कलम तर आहेच, शिवाय कामगारांना प्रेरणा व अधिकार देण्याविषयीही स्वतंत्र कलम आहे. प्रत्यक्षात काय होते? भिंतीवर कौशल्य-तक्ता लावलेला असतो. प्रत्येक नावासमोर चार भागांचे वर्तुळ. एक भाग भरला तर तो शिकाऊ, चारही भरले तर तो दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी स्केचपेन घेऊन सर्वांची वर्तुळे भरते. ज्याचे वर्तुळ भरले त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

हाच तक्ता वेतनाशी जोडला तर चित्र पालटते. दुसरा भाग भरला की अमुक वाढ, तिसरा भरला की तमुक, आणि चौथा भरायचा असेल तर निदान दोघांना शिकवून ते उत्तीर्ण झालेले दाखवायचे. असे केले की शिकवणे ही सेटरची पगारवाढ होते. त्याची जी भीती वर लिहिली आहे तिला माझ्या माहितीतले एवढेच उत्तर आहे. वाढीचा आकडा मात्र आधी लिहून लावलेला हवा. "बघू, तुझे काम बघून ठरवू" असे म्हटले की त्या तक्त्याचा पुन्हा शोभेचा कागद होतो.

कातकाम

चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली, सर्वांचे आभार. बाँडचा विचार सोडला आहे. तक्त्याप्रमाणे वाढ देण्याचा हिशेब भागीदारांसमोर मांडला. एका बाद नगाची किंमत आणि एका नव्या माणसाला उभे करेपर्यंत वाया जाणारा माल शेजारी लिहिल्यावर त्यांचा विरोध मावळला. फक्त वाढ वर्षातून एकदाच असावी असा त्यांचा आग्रह आहे. शासनाच्या योजनांतून शिकाऊ उमेदवार घेतले तर भार हलका होईल का, असेही ते विचारतात.

गोदाकाठ

होईल, पण मर्यादित प्रमाणात. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे आपल्याला हा ऐच्छिक विषय नसावा. ते आधी तपासून घ्यावे. त्या नियमांत विद्यावेतन शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठेवलेले होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, उचलते. राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन शासनाकडून मिळते. सुरुवातीला तिचा काळ सहा महिन्यांचा होता.

या योजनांत आलेल्या मुलाला स्वस्तातला हेल्पर समजून झाडू आणि ट्रॉली हातात दिली, तर काळ संपताच तो जाईल आणि जाताना चार मित्रांना सांगून जाईल. वर्षातून एकदाच वाढ देण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. चाकणहून बोलावणे आले की मुलगा एप्रिलची वाट पाहत नाही. ज्या महिन्यात तो उत्तीर्ण झाला त्याच्या पुढच्या महिन्यापासून वाढ द्यावी, हे भागीदारांना पटवून पाहावे.

कातकाम

मान्य, पटवून पाहतो. पहिला फोड-कागद ऑफसेटचाच करतो आहे. दिवसपाळीच्या सेटरबरोबर बसलो, तेव्हा निदेशक सरांनी लिहिलेल्या मेखांखेरीज त्याने आणखी दोन सांगितल्या, ज्या मला मालक असून ठाऊक नव्हत्या. एक शंका राहते. मुलगा उत्तीर्ण झाला हे कोणी ठरवायचे? सेटरची वाढ त्यावर अवलंबून असेल तर तो सर्वांनाच उत्तीर्ण करील.

निवृत्त निदेशक

शिकवणाऱ्याने परीक्षा घेऊ नये. दिवसपाळीच्या सेटरने शिकवलेल्याची परीक्षा रात्रपाळीच्या सेटरने घ्यावी, कारण पुढे त्या मुलाच्या हातचे नग त्यालाही निस्तरावे लागणार आहेत आणि तो उगाच ढिलाई दाखवणार नाही. परीक्षा तोंडी नको. इन्सर्ट बदलायला लावावा, सलग पाच नग काढून घ्यावेत, ते थंड झाल्यावर तपासणी विभागाने मोजावेत, आणि महिन्याभराने कोणतीही पूर्वसूचना न देता हेच पुन्हा करावे. दुसऱ्या वेळी जमले तरच वर्तुळाचा भाग भरावा आणि वाढ लागू करावी. फोड-कागद मशीनला चिकटवून ठेवला असेल तर परीक्षेच्या वेळी झाकण्याची गरज नाही. तो पाहून काम करणे हेही आलेच पाहिजे.